एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मधलं पान

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता ज्याची नोकरीच कोर्टात, त्याने काय करावं? दाभणकाका तेहतीस वर्षं रोज ती पायरी चढत होते, आणि तीही मान ताठ ठेवून. वकिलांची डोकी निराळी, पक्षकारांची दुखणी निराळी. काकांचं काम मात्र सरळ. खटल्याचे कागद आले की पानांना नंबर घालायचे, दाभणाने भोकं पाडायची, जाड दोरा ओवायचा आणि नस्ती शिवून टाकायची. शिवलेलं पान हरवत नाही आणि सुटं पान राहत नाही, हे ते नव्या कारकुनांना इतक्यांदा ऐकवत की पोरं त्यांच्या मागे तसंच बोलून दाखवायची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांचे ते दाभणकाका.

त्या सकाळी काकांनी कोट घातला. बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवढ्या उकाड्यात कोट? आज काय तुमचा निकाल आहे की काय?"

"माझा कसला निकाल! काहीतरीच तुझं," काका म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. कोटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. चार वर्षं तो कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली होता. आज तो कोर्टात द्यायचा, असं काकांनी रात्रभर घोकलं होतं. खरं तर असं त्यांनी याआधी तीनदा घोकलं होतं, पण ते जाऊ द्या.

कागद होता मिस्त्रींचा. हे मिस्त्री सुतारकामातले उस्ताद. मेहुण्याच्या जागेत दोघांनी मिळून लाकडाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पुढे दुकान आणि मागे एक खोली, उजेडाची, लांब ओट्याची, जिथे मिस्त्री उभं आयुष्य रंधा मारत होते. एक दिवस मेहुण्याने आपणहून लिहून दिलं की मागची खोली दाजींची, ते असेपर्यंत त्यांना कुणी उठवणार नाही. खाली सही, तारीख. मिस्त्रींनी तो कागद हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि बायकोलाही दाखवला नाही. सख्ख्या भावाकडून नवऱ्याने लिहून घेतलं, असं तिला वाटायला नको म्हणून. भला माणूस असा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. पुढे मेहुण्याची मुलं मोठी झाली, खोली हवीशी वाटू लागली आणि मेहुण्याला आपलं अक्षर आठवेनासं झालं.

मिस्त्री कोर्टात आले. पहिल्या खटल्यात एका दुपारी त्यांचा वकील उगवला नाही, तेव्हा त्यांनी तो कागद स्वतःच आणून दाभणकाकांच्या टेबलावर ठेवला. नक्कल काढलेली नव्हती. पोच मागायचं त्यांना सुचलं नाही आणि काकांना द्यायचं सुचलं नाही. का सुचलं नाही, तर काका त्या वेळी पैज लावत होते.

हो, पैज! नव्या कारकुनांनी काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "काका, तुम्ही डोळे मिटूनसुद्धा शिवाल!" काका म्हणाले, "शिवाल म्हणजे? शिवतोच!" कुणीतरी रुमाल आणून त्यांच्या डोळ्यांवर बांधला. समोर एका कुंपणाच्या भांडणाची नस्ती होती. काकांनी बोटांनी कडा जुळवल्या, दाभण घातलं, दोरा ओढला, गाठ मारली. सरळ, घट्ट, एक नंबर. टाळ्या पडल्या, चहा आला. मिस्त्री दारात उभे राहून कौतुकाने बघत होते आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींचा कागद त्या गड्डीतच सरकला होता आणि कुंपणाच्या पान एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये शिवला गेला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

कागद नाही म्हणून मिस्त्री हरले. अपिलातही हरले. खोलीला मेहुण्याचं कुलूप लागलं. त्यांनी दुसरा खटला घातला, तो 'हा वाद आधीच निकालात निघालाय' म्हणून गेला. मग त्यांनी लेखी तक्रार केली की माझा कागद कोर्टाच्या कचेरीत गहाळ झाला. चौकशी बसली. काकांना विचारलं, "असा कागद तुमच्याकडे आला होता का?" काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही आला." त्या दिवशी ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच आठवत नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं की या कर्मचाऱ्याच्या हातून इतक्या वर्षांत एकही पान इकडचं तिकडे झालेलं नाही. ते वाक्य सगळ्या कचेरीत वाचून दाखवलं गेलं, काकांनी ते घरी बायकोलाही म्हणून दाखवलं.

आणि सहा महिन्यांनी कुंपणाची नस्ती जुनी झाली म्हणून नाशाच्या यादीत आली. काका दोरा कापून पानं मोकळी करत होते. एकेचाळीस. मग नंबर नसलेलं एक पान. मग बेचाळीस.

काकांनी दाराकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी पान वाचलं, घडी केली, खिशात घातलं. उद्या सांगू, असं म्हणाले. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना. सांगायचं म्हणजे त्या अहवालावर आपल्याच हाताने काळं फासायचं. शिवाय सांगणार काय? की डोळ्यांवर रुमाल बांधून सरकारी काम केलं? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे काका डोळे मिटून दिवस काढू लागले. पण मांजराला निदान दूध तरी मिळतं. काकांना मिळाली ती नुसती धाकधूक.

कारण मिस्त्री थांबेनात. तिसरा खटला, चौथा, आता पाचवा. वकील कंटाळून सुटले, तर स्वतःच अर्ज लिहू लागले. कोर्टातल्या लोकांनी त्यांचं नाव वारंवारराव ठेवलं. "आले बघा वारंवारराव!" असं शिपाई ओरडला की कचेरी हसायची आणि काका मान खाली घालून दोरा ओवायचे. एकटे काकाच त्यांना स्टूल द्यायचे, पाणी द्यायचे. लोक म्हणत, काकांचं मन मोठं, ज्याने तक्रार केली त्यालाच पाणी पाजतात. हे ऐकलं की काकांना ते पाणी आपल्याच तोंडावर फेकल्यासारखं वाटे. आणि मिस्त्रींच्या प्रत्येक नव्या खटल्याची नस्ती शिवायची कुणी? त्यांनीच.

तर कोट घातला त्या दिवशी पाचव्या खटल्याची सुनावणी. "काका, वारंवाररावांचा सगळा संसार वर मागवलाय," शिपाई म्हणाला. काकांनी पाचही नस्त्या ढकलगाडीवर रचल्या आणि न्यायदालनात नेऊन मॅडमच्या उजव्या हाताला ठेवल्या. मॅडम म्हणजे न्यायाधीश. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ, पण कामात चोख. मेहुणा आला नव्हता, त्याचे वकील आले होते. त्यांनी उठून दोनच वाक्यं सांगितली, की तोच वाद, तेच लोक, तीच खोली. दर वेळी नुसतं वरचं शीर्षक बदलतं, आणि माझा अशील सात वर्षं हेलपाटे घालतोय.

मॅडमनी मिस्त्रींकडे पाहिलं. "तुम्ही बसून बोला. मी पाचही नस्त्या आधीच वाचल्यात. एकदा खोलीचा ताबा मागितलात, एकदा हक्क जाहीर करा म्हणालात, एकदा मनाई, एकदा फसवणूक, आता नुकसान. पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही. एकदा निकाल लागला, अपील झालं, की तो वाद संपतो. नाहीतर जिंकलेल्या माणसाने कधी झोपायचं?"

"पण मॅडम, मी कागद दिला होता."

"हे तुम्ही पाचव्यांदा सांगताय. त्याची चौकशीही झाली." मॅडम थांबल्या, चष्मा काढला. "हे बघा, मला एक गोष्ट नवीन द्या. एक कागद, नाहीतर एक माणूस, जो तुम्हाला तेव्हा मिळाला नाही आणि आता मिळालाय. मी आत्ता, इथे ऐकते. आहे?"

काका पाच पावलांवर उभे होते. त्यांचा हात कोटाच्या आत गेला, बोटांना कागदाची घडी लागली. बोल ना, अरे बोल! याहून सोपं कुणी करून देणार होतं का? पण सगळी कचेरी दारात उभी होती, तीच टाळ्या वाजवणारी पोरं आता मोठे कारकून होऊन. काका तोंडात मूग गिळून उभे राहिले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "नवीन काही नाही."

मॅडमनी स्टेनोला सांगायला सुरुवात केली. त्याच त्या वादावर पुन्हा पुन्हा दावे दाखल करणं हा न्यायालयीन प्रक्रियेचा गैरवापर आहे. दावा फेटाळण्यात येत आहे. यापुढे या वादाबाबत वादीने न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणताही दावा अथवा अर्ज दाखल करू नये. मग त्या स्टेनोला हाताने थांबवून साध्या आवाजात म्हणाल्या, "हे लिहायचं नाही. मिस्त्री, एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतला ना, की ती घडलीच होती असं वाटायला लागतं. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण आता घरी जा. सुखाने राहा."

मिस्त्री उठले, हात जोडले. "बरोबर आहे मॅडम. माझंच चुकलं."

सात वर्षांत काकांनी हे शब्द त्या तोंडून ऐकले नव्हते. चीड ऐकली होती, रडगाणं ऐकलं होतं, एकदा शिव्याही. ते सगळं त्यांनी पचवलं होतं. हे मात्र घशात अडकलं.

नस्त्या तिथेच टाकून काका बाहेर धावले. मिस्त्री जिन्याच्या वळणावरच्या बाकावर बसले होते, मांडीवर रिकामी पिशवी. काका शेजारी टेकले.

"दाभणकाका, एक विचारू?" मिस्त्री म्हणाले. "मी तो दिवस मनात हजारदा फिरून पाहिलाय. आधी सगळं लख्ख दिसायचं. आता टेबल दिसतं, तुम्ही दिसता, तो रुमाल दिसतो. माझा हात कागद ठेवताना दिसतच नाही. दिलाच नसेल का हो मी? आमची ही शेवटपर्यंत म्हणायची, तुम्हीच कुठेतरी विसरलात आणि माझ्या भावाला खोटं पाडताय. त्याच्याशी तुमच्यामुळे तुटलं, म्हणायची. मी तिच्यावर ओरडायचो. आज मॅडम बोलल्या आणि वाटलं, एवढी माणसं एकच सांगतायत, सगळी का चुकतील? आता सरळ मेहुण्याकडे जातो. त्याचे पाय धरतो. म्हणतो, बाबा, माफ कर, म्हाताऱ्याला भ्रम झाला होता."

आणि ते खरोखरच उठले, पिशवी झटकून. काकांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं. खिशातून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

मिस्त्रींनी चष्मा शोधला, लावला, कागद उलगडला. ओठ हलवत पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ही भोकं कसली?"

"मी पाडलेली. डोळे बांधून शिवलं ना तेव्हा. दुसऱ्याच नस्तीत गेला. तुम्ही दिला होता मिस्त्री. तुम्ही टेबलावर ठेवला होता."

"दिला होता!" मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले की जिन्यावरून उतरणारे दोघे थबकले. "दिला होता मी! वेडा नाही मी! कधी सापडला हो? कधी?"

"आज," काका म्हणाले. "आज सकाळी."

कसं आलं ते तोंडून, देव जाणे. विचारही केला नव्हता. निसरड्यावर पाय जावा तसा शब्द गेला.

मिस्त्रींनी त्यांना मिठीच मारली. रंधा मारून घट्ट झालेले हात ते, काकांचा श्वास कोंडला. "आज सापडला आणि आज घेऊन धावलात! आत का नाही बोललात? राहू दे, राहू दे, मला कळतं. मॅडमसमोर माझेही पाय लटपटतात. माणूस चुकतो हो. पण चूक सापडल्या सापडल्या आणून हातात ठेवणारा माणूस लाखात एक! आणि मी तुमच्यावर तक्रार केली. मला माफ करा." त्यांनी डोळे पुसले. "एक तेवढं राहून गेलं. तिला कळायला हवं होतं. दोन वर्षं झाली तिला जाऊन. पण त्याला तुम्ही तरी काय करणार? तुम्हालाच आज मिळाला."

काकांनी शिव्या सोसल्या असत्या. दोन मुस्काटात बसल्या असत्या तर तेही चाललं असतं, उलट बरंच वाटलं असतं. हे आभार मात्र सोसवेनात. चोर तो चोर आणि वर पाठीवर थाप! त्यांना स्वतःची इतकी किळस आली की कोट अंगावर नकोसा झाला.

"चला," मिस्त्री म्हणाले. "मला तर आता परवानगीशिवाय अर्जही करता येत नाही. तुम्हाला येतो. तुम्हीच सांगा मॅडमना."

मॅडम जेवणासाठी उठण्याच्या बेतात होत्या. मिस्त्रींना पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण पुढे काका होते. मेहुण्याचे वकील टेबलावरचे कागद गोळा करत होते, तेही थांबले. काकांनी कागद दिला आणि सांगितलं की हाच तो. रुमाल, पैज, कुंपणाची नस्ती, एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये, सगळं सांगितलं. दारात कुजबुज झाली. मॅडमनी कागद उजेडाकडे धरला, भोकं पाहिली, सही पाहिली, पहिल्या खटल्यातल्या मेहुण्याच्या सहीशेजारी ठेवून पाहिली. वकिलांनाही दाखवली. वकिलांनी हातातले कागद परत टेबलावर ठेवले.

"आधीचा आदेश बाजूला ठेवा, अजून मी सही केलेली नाही," मॅडम स्टेनोला म्हणाल्या. "काकांचा जबाब घेऊ. काका, शपथेवर आहात. हा कागद तुम्हाला कधी सापडला?"

"आज सकाळी, मॅडम!" मागून मिस्त्रींनीच उत्तर दिलं. त्यांचा हात काकांच्या खांद्यावर होता, अभिमानाने ठेवलेला. "सापडला आणि तसेच धावत आले!"

"तुम्हाला विचारलं नाही. काका, तुम्ही सांगा."

आता बघा, 'आज' म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? मिस्त्रींना त्यांचं गाऱ्हाणं पुन्हा मांडायला मिळत होतं. काकांना एक ठपका मिळाला असता आणि वर प्रामाणिकपणाची शाबासकी. खोटं पकडणारं या जगात कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्टेनोची बोटं यंत्रावर थांबली होती. खांद्यावरचा हात उबदार होता, आणि त्या हाताच्या मालकाने सात वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास टाकला होता. तो काकांवर.

"चार वर्षं झाली मॅडम," काका म्हणाले.

"मोठ्याने सांगा."

"चार वर्षं झाली. चौकशीनंतर सहा महिन्यांनी सापडला. मी घरी नेऊन लपवला. नाव जाईल म्हणून. त्यानंतरचे तिन्ही खटले माझ्या डोळ्यांदेखत झाले, त्यांच्या नस्त्याही मीच शिवल्या. गैरवापर यांनी नाही केला मॅडम. यांना कोर्टात यायला मी लावलं. आणि आत्ता जिन्यात यांना आज सकाळी म्हणून सांगितलं, तेही खोटं."

यंत्राची खटखट तेवढी चालू राहिली आणि मग तीही थांबली. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. खांद्यावरून हात निघाल्याचं त्यांना कळलं. आता ओरडतील, आता धरतील, असं त्यांना वाटलं, आणि ते व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती.

मिस्त्री ओरडले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत होते, अगदी हळू, एकेक पेर दाबत.

"चार वर्षं," ते म्हणाले. "तेव्हा ती होती."